सुचत नाही, तेव्हा काय करायचं?

तेरीज, म्हणजे जमा आणि नावे या दोन बाजूंचा ताळा, जुळत नव्हती. फरक ५४० रुपयांचा. मार्च महिन्यातली संध्याकाळ, ऑफिसात आम्ही तिघंच उरलेलो, आणि मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. आमचे हेडक्लार्क टेबलापाशी आले, फरकाचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "नवाने भाग जातोय ना? मग कुठेतरी अंक उलटे पडलेत. शोधा." अर्ध्या तासात सापडलं. रोजकीर्दीत १२८० होते, खतावणीत चढवताना त्यांचे १८२० झाले होते.

पुढची वीसेक वर्षं मी हा नियम वापरत आले. नव्या मुलामुलींना शिकवला. सॉफ्टवेअर आल्यावरही बँकेच्या उताऱ्याशी मेळ घालताना तो कितीदा तरी उपयोगी पडला. पण नऊच का? आठ का नाही, अकरा का नाही? हा प्रश्न एवढ्या वर्षांत मला एकदाही पडला नाही. नियम चालत होता, काम होत होतं, आणि काम होत असलं की आपण खोलात जात नाही.

तो प्रश्न मला पडला तो एका ऑनलाइन अभ्यासक्रमामुळे. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या टेक्सास विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम, नाव 'इफेक्टिव्ह थिंकिंग थ्रू मॅथेमॅटिक्स'. मराठीत सांगायचं तर गणिताच्या वाटेने नीट विचार करायला शिकणं. एमआयटी आणि हार्वर्ड या दोन संस्थांनी २०१२ मध्ये 'एडएक्स' नावाचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ सुरू केलं, त्याच वर्षी टेक्सास विद्यापीठही त्यात सामील झालं, आणि पुढे तिथे हा अभ्यासक्रम आला. शिकवणारे प्राध्यापक मायकल स्टारबर्ड. आखाड्यात कोणी माती उकरायला जात नाही, अंग कमवायला जातं. तसंच इथे गणिताचं. कोडी सोडवायची, पण लक्ष ठेवायचं ते कोडं सोडवताना आपलं डोकं काय करतं त्यावर.

स्टारबर्ड यांनी एडवर्ड बर्गर या दुसऱ्या गणितज्ञाबरोबर २०१२ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. त्यात विचाराच्या पाच सवयी आहेत आणि त्या त्यांनी पंचमहाभूतांशी जोडल्या आहेत. पृथ्वी म्हणजे साधी गोष्ट खोलवर समजून घेणं. अग्नी म्हणजे चुका करणं. वायू म्हणजे प्रश्न विचारणं. पाणी म्हणजे एका कल्पनेतून दुसरी कशी वाहत येते ते पाहणं. आणि पाचवं तत्त्व म्हणजे बदल. ही यादी वाचून मला काहीच झालं नाही, हे आधीच सांगते. अशा याद्या आपण दिवाळी अंकात आणि व्हॉट्सअॅपवर रोज वाचतो. फरक पडला तो त्या सवयी हातात कागद-पेन्सिल घेऊन वापरून पाहिल्यावर, म्हणून मी इथे तेच दाखवणार आहे.

त्याआधी या शिकवण्यामागची परंपरा थोडी सांगायला हवी. याच टेक्सास विद्यापीठात १९२० ते १९६९ इतकी वर्षं रॉबर्ट ली मूर नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्या वर्गात पुस्तकाला बंदी. मूर फक्त व्याख्या आणि विधानं देत. सिद्धता विद्यार्थ्याने स्वतः शोधायची आणि फळ्यापाशी येऊन सगळ्यांसमोर मांडायची. कुठे अडलं तर मूर उत्तर सांगत नसत. या पद्धतीतून मोठमोठे गणितज्ञ तयार झाले. पण याच मूर यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिकवायला नकार दिला होता, हेही तितकंच खरं. विद्यापीठातल्या एका इमारतीला त्यांचं नाव होतं, ते २०२० मध्ये काढून टाकण्यात आलं. मला ही गोष्ट मोलाची वाटते. 'स्वतः शोध' असं सांगणारी पद्धत उत्तमच होती, पण तिचं दार काहींसाठी बंद होतं. पुढे ती पद्धत मऊ होत गेली, विद्यार्थी एकत्र बसून विचार करू लागले, शिक्षक अडलेल्याला प्रश्न विचारून पुढे नेऊ लागले. स्टारबर्ड या बदललेल्या परंपरेतले शिक्षक आहेत. आणि इंटरनेटवर आल्यावर तिला दारच उरलं नाही. माझ्यासारखी बाई रात्री जेवणं उरकल्यावर ओट्याशेजारी लॅपटॉप ठेवून तिथे जाऊन बसू शकली.

आता नवाचं कोडं.

शाळेत आपण एकं, दहं, शतम् घोकलं. त्याचा अर्थ इतकाच की अंक एक घर डावीकडे सरकला की त्याची किंमत दसपट होते. दसपट होते म्हणजे किती वाढते? मुळात एक पट होतीच, म्हणून वाढ नऊ पटींची. बस, नऊ इथून आले. १२८० चे १८२० झाले तेव्हा ८ हा अंक दहंच्या घरातून शतंच्या घरात गेला. ८० चे ८०० झाले, ७२० वाढले, म्हणजे ८० ची नऊपट. उलट २ हा अंक शतंमधून दहंमध्ये उतरला. २०० चे २० झाले, १८० कमी झाले, म्हणजे २० ची नऊपट. ७२० वाढले, १८० घटले, फरक ५४०. वाढही नवाच्या पटीत, घटही नवाच्या पटीत, मग फरक नवाच्या पटीत येणारच.

हे कागदावर मांडलं त्या रात्री मला झोप येईना. कारण त्यातून आणखी एक गोष्ट निघत होती. ५४० ला नवाने भागलं की ६० येतात. ८ आणि २ मध्ये फरक ६ चा, आणि शेजारची दोन घरं शतं आणि दहं. म्हणजे त्या मार्चच्या संध्याकाळी मला सगळी खतावणी चाळायची गरजच नव्हती. ज्या रकमांत शतं आणि दहंच्या अंकांत सहाचा फरक आहे तेवढ्याच पाहायच्या होत्या. अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत झालं असतं. नियम पाठ असणं आणि नियम समजणं यात हे अंतर असतं. पाठ असलेला नियम तुम्हाला एकच गोष्ट करू देतो. समजलेला नियम पुढची गोष्ट आपणहून दाखवतो.

पहिली सवय ही. अडचण मोठी असली की तिच्यातली सगळ्यात साधी गोष्ट उचलायची आणि ती आपल्याला खरंच कळली आहे का ते तपासायचं. बहुतेक वेळा कळलेली नसते. 'हातचा एक' डावीकडेच का जातो, हे सातवीतल्या मुलाला विचारून पाहा, मग स्वतःला विचारा. मला त्यात एक फायदाही सापडला. अभ्यासक्रम इंग्रजीत होता. व्हिडिओ थांबवून मी तेच मराठीत मोठ्याने सांगून पाहायचे. जिथे मराठी शब्द सुचेना तिथे मला कळलेलंच नसायचं. इंग्रजी शब्द आपल्याला फसवतात, ते नुसते उच्चारता येतात म्हणून समजल्यासारखे वाटतात.

दुसरी सवय चुकांची. हिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे हिचं सगळ्यात जास्त वावडं आहे.

माझा भाचा नववीत आहे. सुट्टीत आला होता तेव्हा त्याच्या चौकटीच्या वहीत मी चार बाय चारचा चौकोन आखला. सोळा घरं. मग समोरासमोरचे, म्हणजे कर्णाच्या दोन टोकांचे, दोन कोपरे खोडले. उरली चौदा घरं. पुठ्ठ्याचे सात तुकडे कापले, प्रत्येक तुकडा बरोबर दोन शेजारच्या घरांवर बसेल असा. आडवा ठेवा, उभा ठेवा, पण सात तुकड्यांनी चौदाही घरं झाकायची. कोडं जुनं आहे. आठ बाय आठच्या बुद्धिबळाच्या पटाबद्दल ते मॅक्स ब्लॅक या तत्त्वज्ञाने १९४६ मध्ये मांडलं होतं. आम्ही लहान पट घेतला.

त्याने सहा तुकडे बसवले, सातवा बसेना. उरलेली दोन घरं एकमेकांपासून लांब. त्याने सगळं उधळून पुन्हा सुरू केलं. मी म्हटलं, "थांब. मोडायच्या आधी हे वहीत काढून ठेव."

"चुकलेलं कशाला काढायचं?"

"काढ तर. आणि कुठली दोन घरं उरली तिथे फुली मार."

पाच प्रयत्नांची पाच चित्रं झाली. पाचही चुकलेली. मग मी त्याला म्हटलं, आता सगळ्या चित्रांत बुद्धिबळासारखी एकाआड एक घरं पेन्सिलने काळी कर. त्याने केली, आणि हात थांबला. पाचही चित्रांत फुली मारलेली दोन्ही घरं पांढरी होती.

"मावशी, हे जमणारच नाही."

"कशावरून?"

त्याला शब्द सापडायला वेळ लागला, आणि मी मध्ये बोलले नाही. ते फार अवघड गेलं. शेवटी तो म्हणाला, प्रत्येक तुकडा एक काळं आणि एक पांढरं घर झाकतो, कारण शेजारची घरं कायम वेगळ्या रंगाची असतात. आपण खोडलेले दोन्ही कोपरे काळे. आठ काळ्यांतली सहा राहिली, पांढरी आठच्या आठ. सहा तुकड्यांत काळी संपतात आणि दोन पांढरी उरतात. मांडणी कशीही करा, उरतातच.

मग त्याला विचारलं, बुद्धिबळाच्या पूर्ण पटाचे दोन कोपरे काढले तर एकतीस तुकड्यांनी बासष्ट घरं झाकतील का? एकही तुकडा न ठेवता तो म्हणाला, नाही. हजार बाय हजारचा पट असता तरी त्याने तेच सांगितलं असतं, आणि खात्रीने.

इथे नेमकं काय घडलं ते पाहा. त्याने खूप प्रयत्न केले म्हणून उत्तर सापडलं, असं म्हणता येणार नाही. पाचशे प्रयत्न करूनही 'जमत नाही' एवढंच हाती आलं असतं. उत्तर आलं ते चुका जपून ठेवल्यामुळे. एकेक चूक मुकी होती. पाच चुका शेजारी मांडल्यावर त्या बोलायला लागल्या. आपण शाळेत चुकलेलं खोडतो, पान फाडतो, वहीत फक्त बरोबर ते ठेवतो. परीक्षेला ते ठीक असेल. पण विचार करायचा असेल तर 'जमलं नाही' हे वाक्य अपुरं आहे. कसं जमलं नाही, कुठे अडलं, दर वेळी तिथेच अडतं का, इथपर्यंत गेलं पाहिजे. म्हणूनच स्टारबर्ड आणि बर्गर चुकीला घाबरू नका एवढ्यावर थांबत नाहीत, मुद्दाम चूक करा असं सांगतात. सुचत नाही ना? मग चुकीचं उत्तर लिहा, आणि ते का चुकीचं आहे ते शोधा. कोऱ्या कागदापेक्षा चुकलेल्या कागदावर काम करणं कधीही सोपं.

भाच्याने पुढे विचारलं, "मग एक काळं आणि एक पांढरं काढलं तर?" हा प्रश्न त्याचा त्याला पडला, याचा मला जास्त आनंद झाला. राल्फ गोमोरी या गणितज्ञाने याचं सुंदर उत्तर दिलं आहे: पूर्ण पटावर ते नेहमी जमतं, घरं कुठलीही काढा. कल्पना करा की पटावरून एक वाट काढली आहे, जी प्रत्येक घरातून एकदाच जाते आणि सुरुवातीच्या घरी परत येते. वाटेवर काळं, पांढरं, काळं, पांढरं असं आलटून पालटून येतं. आता या गोल वाटेतून एक काळं आणि एक पांढरं घर काढलं की वाटेच्या उरलेल्या प्रत्येक तुकड्यात घरांची संख्या समच राहते. मग वाटेवरून चालत दोन दोन घरं झाकत जायचं.

तिसरी सवय, प्रश्नांची, यातच आली. आपल्याला वाटतं प्रश्न हुशार माणसाला पडतात. या अभ्यासक्रमाने माझा हा समज मोडला. प्रश्न पाडता येतात, त्याचीही रीत असते. दिलेल्या गोष्टीतली एक अट धरायची आणि ती बदलायची. दोन काळे काढले होते, एक काळा एक पांढरा काढू. चार बाय चारचा पट होता, तीन बाय तीनचा घेऊ. बदल हे जे पाचवं तत्त्व म्हणतात त्याची सुरुवात माझ्या मते इथे आहे.

आणि ही रीत आपल्या नाशिकजवळ देवळालीला एका शाळामास्तरांनी आयुष्यभर वापरली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. ते कुठल्याही संशोधन संस्थेत नव्हते. शाळेत शिकवायचे आणि उरलेला वेळ आकड्यांशी खेळायचे. त्यांचा प्रसिद्ध खेळ असा: चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठ्यातून लहान वजा करा, आणि उत्तराशी पुन्हा तेच करा. ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येता आणि तिथेच राहता.

आता अट बदला. तीन अंक घेतले तर? ४९५ वर येऊन थांबतं. दोन अंक घेतले तर? कुठेच थांबत नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९ असं गोल फिरत राहतं. या सगळ्या आकड्यांकडे परत एकदा पाहा. ६१७४, ४९५, ८१, ६३, २७, ४५. सगळ्यांना नवाने भाग जातो. अंक तेच, फक्त जागा बदललेल्या, मग फरक नवाच्या पटीत. माझ्या खतावणीतले ५४० रुपये आणि कापरेकरांचे ६१७४ एकाच घरातले निघाले. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी एकटीच होते, सांगायला कोणी नव्हतं, तरी मोठ्याने "अरे!" म्हटलं. वीस वर्षं माझ्या टेबलावर पडलेली एक साधी गोष्ट इतक्या सुंदर गोष्टीला जोडलेली होती.

पण गणित केलं की बुद्धी आपोआप धारदार होते, आणि मग माणूस घरात, बाजारात, ऑफिसात सगळीकडे शहाण्यासारखा वागतो, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती खरी नाही. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्येच दाखवलं होतं की एका कामात कमावलेलं कौशल्य दुसऱ्या कामात सहजी उतरत नाही. दोन्ही कामांत सारखेपणा असेल तेवढंच ते उपयोगी पडतं. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा माणूस घर घेताना घाईत सही करून बसतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मला हा अभ्यासक्रम आवडला तो यासाठी की तो सवयींना नावं देतो. कोडं सुटल्यावर तिथे थांबायचं आणि विचारायचं, आत्ता मी काय केलं? चूक जपली. अट बदलली. लहान करून पाहिलं. नाव दिलेली गोष्ट दुसऱ्या जागी ओळखता येते. आमच्या सोसायटीत सकाळी पाणी पुरेना, तेव्हा सभेत तासभर फक्त आरोप चालले होते. मी एवढंच सुचवलं की आठवडाभर रोज कुठल्या मजल्यावर किती वाजता पाणी गेलं ते लिहून ठेवू. चूक जपून ठेवायची, तेवढंच. आठव्या दिवशी कागदावर दिसलं की पाणी फक्त एकाच बाजूच्या घरांचं जातं. गच्चीवरचा एक व्हॉल्व्ह अर्धा बंद होता.

अभ्यासक्रम करणाऱ्यांसाठी एक-दोन कामाच्या गोष्टी. असे ऑनलाइन अभ्यासक्रम नाव नोंदवणारे बहुतेक जण पुरे करत नाहीत. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरच्या अभ्यासक्रमांचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला होता, त्यात २०१७-१८ या वर्षी शेवटापर्यंत पोचणारे शंभरात पाचसुद्धा नव्हते. मी स्वतः दोनदा सोडून तिसऱ्यांदा पुरा केला. तिसऱ्यांदा जमलं याचं कारण साधं आहे. पहिल्या दोन वेळा मी व्हिडिओ पाहत होते, मालिका पाहावी तसे. तिसऱ्या वेळी कोडं आलं की व्हिडिओ बंद करायचा, आणि स्वतःचं काहीतरी कागदावर उतरल्याशिवाय पुन्हा सुरू करायचा नाही, असं ठरवलं. कधी एका कोड्याला चार दिवस लागले. भाजी निवडताना, बसची वाट पाहताना ते डोक्यात फिरायचं. हे चार दिवस वाया जात नाहीत, शिकणं त्यातच असतं. व्हिडिओतलं उत्तर ऐकून मिळणारं समाधान खोटं नसतं, पण ते सकाळपर्यंत टिकत नाही. आणि जमलं तर कोणाला तरी सोबत घ्या. सोबतीचा माणूस गणितातला नसला तर जास्तच बरं, तो "म्हणजे काय?" असं मोकळेपणाने विचारतो.

माझी सोबत माझ्या सासूबाई. वय ७८, शिक्षण चौथी. त्यांच्यामुळे मला चौथी सवय, कल्पनेचा ओघ पकडायची, खरी कळली.

वसुबारसेला त्या दारात सात ते एकची रांगोळी घालत होत्या. मधल्या ओळीत सात ठिपके, वर पाच, तीन, एक, आणि खालीही पाच, तीन, एक. मी मोजले, पंचवीस. सहज विचार आला, पाच ते एक असते तर? तेरा. नऊ ते एक? एकेचाळीस. तीन ते एक? पाच. ५, १३, २५, ४१. हे आकडे ओळखीचे वाटेनात. संध्याकाळी कागदावर मांडत बसले तेव्हा दिसलं: १ आणि ४ मिळून ५. ४ आणि ९ मिळून १३. ९ आणि १६ मिळून २५. १६ आणि २५ मिळून ४१. दर वेळी लागोपाठच्या दोन वर्गसंख्यांची बेरीज. पण का? रांगोळी तर पतंगाच्या आकाराची, तिच्यात चौकोन कुठे आहेत?

तेव्हा भाच्याचा पट आठवला. तिथे रंग दिले आणि गुपित उघडलं. इथे देऊन पाहू. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ठिपके मांडल्यावर मी मधला ठिपका कुंकवाने लाल केला, त्याच्या शेजारचे चार पांढरे ठेवले, त्यांच्या बाहेरचे आठ लाल, आणि सगळ्यात बाहेरचे बारा पांढरे. बुद्धिबळासारखं एकाआड एक. लाल झाले नऊ, पांढरे झाले सोळा. सासूबाई उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर दोन चौकोन एकात एक गुंतलेत."

मीही मान तिरकी केली. पांढऱ्या ठिपक्यांचा चार बाय चारचा चौकोन, आणि त्याच्या प्रत्येक घराच्या मधोमध एकेक लाल ठिपका, त्यांचा तीन बाय तीनचा चौकोन. कोपऱ्यावर उभा असल्यामुळे तो पतंगासारखा दिसत होता, एवढंच. त्यांनी हजारदा घातलेली रांगोळी, मी शेकडो वेळा ओलांडलेली. दोन्ही चौकोन कायम तिथेच होते.

सासूबाई आत गेल्या आणि त्यांची रांगोळीची वही घेऊन आल्या, पन्नासेक वर्षांची, पानं पिवळी पडलेली. एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. तेरा ते सात, मधले ठिपके. म्हणजे वरच्या ओळीतला प्रत्येक ठिपका खालच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये बसतो. "आता याला रंग दे," त्या म्हणाल्या.

मी एक ठिपका लाल धरला, शेजारचा पांढरा, आणि अडले. वरचा तिसरा ठिपका दोघांनाही चिकटलेला. तो लालही चालेना, पांढराही चालेना. इथे दोन रंग पुरत नाहीत. मी देवघरातून कुंकवाबरोबर हळदही आणली.